सायलेन्सर पुन्हा पुन्हा ओरडतोय? भोक लहान करण्याआधी हे तपासा

पहाटे सव्वापाचला आमच्या बोळातून गाडी काढताना मला चोरासारखं वाटायचं. साताऱ्यातल्या शनिवार पेठेतला जुना वाडा, समोरासमोर भिंती, मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट. एमआयडीसीत सहाची पाळी, त्यामुळे इलाज नाही. समोरच्या काकू एकदा दुधाची पिशवी घेता घेता म्हणाल्या, "तू ड्युटीला निघालास की आमच्या बाळाचीपण ड्युटी सुरू होते बघ." भांडल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावले असते. हसत म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची, बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांची). घेतल्यावर सहा महिन्यांत, सगळ्यांनी बसवली म्हणून मीही पुंगळी (बाजारातला आखूड, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) बसवली आणि कंपनीचा सायलेन्सर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. पुढे आवाज कमी करायच्या मागे लागलो तेव्हा दीड वर्षात तीनदा 'काम' करून घेतलं. दर वेळी थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. आवाज एका ठिकाणाहून येतच नव्हता, हे चौथ्या वेळी कळलं.

आधी माझे प्रताप सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिला प्रयोग भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा. दोन घासण्या सायलेन्सरच्या शेपटीत, म्हणजे मागच्या तोंडात, कोंबल्या, बाहेरून तार बांधली. दोन दिवस गाडी मांजरासारखी. तिसऱ्या दिवशी चढाला जरा जोरात पिळली आणि एक घासणी तोफगोळ्यासारखी बाहेर. मागच्या स्कूटरवाल्याने ती रुमालात धरून मला पोवई नाक्यावर गाठलं आणि म्हणाला, "मालक, तुमची घासणी."

दुसरा प्रयोग लेथवाल्याचा. त्याने अंगठा जेमतेम जाईल एवढ्या भोकाची रिंग काढून दिली, ती शेवटाला वेल्ड केली. आवाज उतरला, पण गाडीही उतरली. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये निघणारी गाडी दुसरा मागायला लागली आणि इंजिनाची धग गुडघ्याला जाणवायला लागली. हायवेवर लिंब खिंडीकडच्या सपाट पट्ट्यात चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ७० ला जायला साडेआठ सेकंद लागायचे, ते अकरावर गेले.

तिसरा प्रयोग ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, भरण्याचा. हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा होता. पण पाच महिन्यांत पुन्हा फटफट.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे मिस्त्रीपासून कट्ट्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "आवाज कमी केला की पॉवर जाणारच, इंजिनला मोकळं हवं." आणि त्याच्या नेमकं उलट दुसरं: "इंजिनला बॅक प्रेशर (मागे रेटणारा दाब) लागतं, मोकळं केलं की पिकअप जातो." एकच माणूस दोन्ही वाक्यं एकाच चहात बोललेला मी ऐकलाय. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो.

इंजिनला अडथळा नको असतो, वेग हवा असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की गरम वायूचा एक गोळा बेंड पाइपमधून (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) सुटतो. तो पुढे पळताना मागे ओढ तयार करतो, आणि पाइपचा व्यास, लांबी बरोबर असेल तर ती ओढ सिलिंडरमधला उरलेला वायूही बाहेर काढायला मदत करते. शेतातला पाट आठवा. पाट गरजेपेक्षा रुंद केला की पाणी पसरतं आणि रेंगाळतं. बेंड पाइप नको एवढा जाड घेतला की खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) तेच होतं, गाडी मरगळते. लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं. खरं तर वेग गेलेला असतो. आणि शेवटाला भोकच बारीक केलं, माझ्या रिंगसारखं, तर वरच्या आरपीएमला वायू तुंबतो आणि ताकद तिथे जाते.

म्हणजे आवाज मारायची जागा बेंडही नाही आणि शेवटचं भोकही नाही. ती आहे मधलं पोट. सायलेन्सरचं पोट जितकं मोठं, तितका तो वायू न अडवता आवाज जिरवू शकतो. जुना ठोकताळा असा की इंजिनाच्या सीसीच्या निदान दहापट जागा सायलेन्सरच्या पोटात हवी. ३५० सीसीला साडेतीन लिटर. आता बाजारातली हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड पुंगळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात लिटर-दीड लिटर बसलं तरी पुष्कळ. ती गप्प बसणार कुठून?

पोटात आवाज दोन तऱ्हांनी मरतो. एक, कप्पे करून: वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळतो, आवाजाच्या लाटा आपटून एकमेकींना खातात. कंपनीचे सायलेन्सर बहुतेक असे. दुसरी, भोकाभोकाच्या सरळ नळीभोवती ग्लासवूल: त्यात आवाज जिरतो. ग्लासवूल कर्कश, वरच्या सुराचा आवाज छान खातं, पण खालचा घुमारा त्याला पेलत नाही. आणि एका सिलिंडरच्या गाडीचा मूळ सूर फार खालचा असतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ स्फोट. हा २५ चा घुमारा आणि त्याच्या पटीतले सूर भिंतीतूनही आत जातात. ग्लासवूल भरल्यावर मला वाटायचं गाडी शांत झाली, पण काकूंच्या खिडकीची तावदानं थरथरतच होती. माझ्या कानाला टोचणारा आवाज गेला होता. बाळाला उठवणारा होता तिथेच होता.

ग्लासवूलची दुसरी खोड म्हणजे ते जळतं, तुकडे होऊन शेपटीतून उडून जातं. स्वस्तातलं आखूड धाग्याचं असेल तर फार लवकर. भरायचंच असेल तर नळीला लागून आधी स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचा एक थर, त्यावर लांब धाग्याचं ग्लासवूल, आणि ठासून नाही. दाबून भरलं की ते आवाज जिरवत नाही, नुसतं तापतं. हातमोजे आणि तोंडाला फडकं घाला. मी बनियनवर बसून भरलं होतं. आठवडाभर खाजवत फिरलो, आईला वाटलं खरूज झाली.

बरं, पण माझं ग्लासवूल पाच महिन्यांनी उघडून पाहिलं तेव्हा ते बऱ्यापैकी शाबूत होतं! कडेला काळं पडलेलं, पण होतं. मग आवाज कुठून?

तेव्हा खरी तपासणी सुरू झाली. ती तुम्ही सगळ्यात आधी करा, कारण तिला पैसे लागत नाहीत. गाडी पूर्ण गार असताना, सकाळी, उघड्यावर. बंद पार्किंगमध्ये किंवा बोळात नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या, गाडी चालू करा आणि पाइप तापायच्या आत हेडला (इंजिनाचा वरचा भाग) जिथे बेंड पाइप बसतो तिथे, आणि पाइप व सायलेन्सरच्या जोडावर मारा. बुडबुडे आले की सापडला. नाही आले तर जाड ओलं फडकं हातमोजा घालून शेपटीवर दोन-तीन सेकंद दाबा. जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडायला बघेल. कुठे गळती असेल तर तिथून फुसफुस ऐकू येईल. जोडापाशी काळ्या काजळीचा फराटा दिसत असेल तर एवढीही गरज नाही.

माझ्याकडे हेड आणि बेंड पाइपच्या मधल्या गॅस्केटपाशी (जोड बंद करणारी चकती) बुडबुड्यांची अख्खी माळ आली.

ही गळती नुसता आवाज करत नाही. घाट उतरताना थ्रॉटल सोडला की फाट-फाट फटाके फुटतात ते बऱ्याचदा हिच्यामुळे: पाइपमध्ये क्षणभर ओढ तयार होते, फटीतून बाहेरची हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्येच पेटतं. (काही गाड्यांत प्रदूषण कमी करायला एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडलेली असते, तिथे बारीक पुटपुट चालायचीच.) बीएस-६ गाडीत आणखी एक भानगड. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरच्या हवेमुळे सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. अॅव्हरेज घसरतं, शेपूट काळी पडते, गाडी जड वाटते. माझं असंच झालं होतं आणि मी दोष देत होतो ग्लासवूलला.

गॅस्केट तर दर वेळी नवीन टाकलं होतं. मग दर पाच महिन्यांनी का ढिलं पडायचं? उत्तर मागच्या बाजूला होतं. पुंगळीच्या पट्टीचं भोक आणि चासीचं भोक यांच्यात बोटभर फरक होता. मिस्त्री पहिल्यांदा मागचा बोल्ट पहारीने ओढून बसवायचा, मग पुढचे नट आवळायचा. म्हणजे अख्खा पाइप कायमचा ताणात. रोज तापायचा, फुलायचा, गार व्हायचा, आणि ताण जाऊन पडायचा हेडच्या गॅस्केटवर. दर 'दुरुस्ती'त सायलेन्सर खोलून लावला जायचा, नवीन गॅस्केट नीट चेपलं जायचं, आणि आवाज कमी व्हायचा तो बराचसा त्यामुळे. श्रेय घासणीला, रिंगला, ग्लासवूलला.

फिटिंगचा क्रम पाठ करून ठेवा: सगळे बोल्ट आधी नुसते बोटाने लावा, सायलेन्सर मोकळा लोंबू द्या. मग हेडचे दोन नट आळीपाळीने, थोडे थोडे. मग मधला क्लॅम्प. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी, आणि तो हाताने सहज भोकात गेला पाहिजे. जात नसेल तर पट्टीचं भोक कानशीने लांबट करा किंवा लेथवाल्याकडून रबर बुशची नवी पट्टी करून घ्या. पाइप ओढू नका. हेडचे स्टड अॅल्युमिनियममध्ये असतात, त्यामुळे जोर दाखवायचा नाही. आटे गेले की हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) खर्च. शंभरेक किलोमीटर फिरून गाडी गार झाली की एकदा पुन्हा आवळून घ्या. गॅस्केट जुनं परत वापरू नका, ते एकदाच चेपायला बनवलेलं असतं.

हे सगळं करून मी माळ्यावरचा कंपनीचाच सायलेन्सर परत चढवला. ४० ते ७० चा वेळ पुन्हा साडेआठ सेकंद. पुंगळी नवी असतानाही तेवढाच होता! म्हणजे वर्षभर जी 'मोकळी पॉवर' मी मित्रांना सांगत होतो, ती कानात होती.

घाटातल्या तुलनेने फसू नका, हेही सांगतो. सातारा साधारण ७०० मीटरवर आणि कास पठार १२०० च्या आसपास. वर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद ढोबळमानाने दर १०० मीटरला एक टक्का घटते. त्यामुळे नवा सायलेन्सर लावून पहिल्याच रविवारी कासला जायचं आणि 'पिकअप गेला' म्हणायचं, असं करू नका. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, दोन्ही सायलेन्सर लावून स्टॉपवॉच लावा. आवाजाचंही तसंच. फोनवरच्या अॅपचा आकडा खरा धरू नका, पण फरक धरा. फोन शेपटीपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात बाजूला, वायूच्या झोतात नाही, आरपीएम तोच. पुंगळी आणि कंपनीच्या सायलेन्सरमध्ये माझ्या फोनवर १२ डेसिबलचा फरक आला. डेसिबलचं माप सरळ चढत नाही: १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

आता ज्यांचा मूळ सायलेन्सर उरलाच नाही त्यांचं. माझा मामेभाऊ कराडचा, गाडी २०१६ची, कार्ब्युरेटरची. त्याच्या सायलेन्सरच्या पोटाखाली बारीक भोक होतं, ते कोणीतरी 'लिकेज' म्हणून वेल्ड करून बुजवलं. ते लिकेज नसतंच. पेट्रोल जळताना पाणी होतं, छोट्या फेऱ्यांत ते आतच साचतं, आणि निथळायला कंपनी मुद्दाम टाचणीएवढं भोक ठेवते. ते बुजवल्यावर दोन पावसाळ्यांत सायलेन्सर आतून कुजला. बाहेरून चकचकीत, बोटाने दाबला तर पापडासारखा.

त्याच्यासाठी सायलेन्सर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने आधी पंजाबी दाखवला, मग इंदोरी (ही बाजारातल्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरांची नावं), मग "हा थोडा शांत आहे" म्हणून तिसरा. मी तिसरा उचलून डोळ्याला लावला. पलीकडचं टेबल दिसलं, टेबलावरचा चहाचा कपही दिसला. ज्यातून आरपार दिसतं, त्याचा भरवसा फक्त ग्लासवूलवर. तो नवा असताना कितीही गोड वाजू दे. परत ठेवला.

शेवटी आम्ही कंपनीच्या मापाचा, आत कप्पे असलेला घेतला. निवडताना पाहिलं ते एवढंच: पोटाची लांबी-जाडी जुन्याएवढी आहे ना, आत शिरणारी नळी बेंड पाइपच्याच व्यासाची आहे ना (रिड्यूसर लावून जुळवणार असाल तर सोडून द्या), आणि मागची पट्टी चासीच्या भोकावर न ओढता बसते ना. दुकानातच बसवून पाहा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. कार्ब्युरेटरच्या गाडीला कंपनीसारखा सायलेन्सर लावला तर जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलावे लागत नाहीत. आरपार पुंगळी लावली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि जेटिंगचा खेळ मागे लागतो.

स्पोर्टी दिसायला स्लिप-ऑनच (मूळ पाइपावर सरकवून बसवायचा सायलेन्सर) हवा असेल, तर मोठ्या पोटाचा, रिव्हेट काढून पुन्हा भरता येणारा आणि बोल्टने बसणारा डीबी किलर असलेला घ्या. डीबी किलर म्हणजे शेवटी बसणारी आखूड नळी. त्याने वरच्या आरपीएमला थोडी ताकद जाते, पण आपण रोज राजपथावर आणि मोती चौकात जी गाडी चालवतो ती त्या आरपीएमला कधी जाते? तो काढून डिकीत ठेवायचा आणि पोलीस दिसले की लावायचा, हा खेळ करणारे भेटलेत मला. बोल्ट दोन वेळा काढला-लावला की आटे जातात आणि तोही घासणीच्या वाटेने जातो.

बीएस-६ वाल्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) कुठे आहे ते आधी बघा. काही गाड्यांत तो बेंड पाइपमध्ये असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. पोटात असेल तर सायलेन्सर बदलला की तोही गेला.

कायद्याचं थोडक्यात. १७५ सीसीवरच्या दुचाकीला मंजुरी देताना साडेसात मीटरवरून आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनी-वायू प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद आहे. रोडरोलरखाली गेलेल्या पुंगळ्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

आणि सगळं करूनही 'खर्रर्र' असा आवाज राहिला तर सायलेन्सरला शिव्या घालण्याआधी त्याच्यावरचं उष्णतेचं कव्हर हाताने हलवून बघा. माझं कव्हर एका स्क्रूवर लटकत होतं, दोन हजार आरपीएमला खुळखुळ्यासारखं वाजायचं. वॉशर टाकला, संपलं. साखळी ढिली असेल, टॅपेट (व्हॉल्व हलवणारे भाग) वाजत असतील, तर तो आवाजही लोक एक्झॉस्टच्या नावावर खपवतात.

मामेभावाची गाडी आता शांत आहे, पण तो खूश नाही. परवा सज्जनगडाला निघालो, बोगद्यात शिरताना सवयीने त्याने थ्रॉटल पिळला. नुसती धुप-धुप. बाहेर पडल्यावर गाडी कडेला घेऊन म्हणतो, "दादा, पळतीय झकास, पण बोगद्यात मजाच गेली राव." म्हटलं, हेडचे नट गार झाल्यावर पुन्हा आवळायचेत, ते विसरू नको. अजून आवळले नसतील त्याने.